हाताला लागेल असं काही

भाद्रपद वद्य चतुर्दशीला चंद्रभागेच्या वाळवंटात येणारी माणसं पितृपक्षातल्या इतर दिवसांच्या माणसांपेक्षा वेगळी असतात. एरवी मुलगा बापासाठी येतो, नातू आजोबांसाठी येतो. या दिवशी म्हातारी माणसं तरुणांसाठी पाणी द्यायला येतात. शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांची ही तिथी. पंचांगात ती शस्त्रादिहतांची म्हणून छापलेली असते. आमच्या घरात तिला घातचतुर्दशी म्हणत आणि त्या दिवशी आजोबा कुणाशी मोठ्यानं बोलत नसत.

आजोबा क्षेत्रोपाध्ये होते. त्यांचं ताम्हन, पळी-पंचपात्र आणि दर्भाची जुडी सांभाळत मी त्यांच्या मागं घाटावर जायची. १९७२ सालच्या त्या चतुर्दशीला नदीला पाणी म्हणावं असं काही नव्हतं. दुष्काळाचं साल. उजनी धरण अजून बांधून व्हायचं होतं. पुंडलिकाच्या देवळापलीकडं एक बारीक धार आणि चार डबकी, बाकी सगळी वाळू. सांगोल्याकडचे नवरा-बायको आले होते, आमच्या घरचे जुने यजमान. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, कोटाच्या आतल्या खिशात सरकारी पत्र. थोरला मुलगा नौदलात होता. जहाज बुडालं, तो सापडला नाही. कुणी मेलं की इथं लोक राख घेऊन येतात, अस्थी घेऊन येतात, लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी त्यांच्या हातात असतं. या दोघांचे हात रिकामे होते. बाई आजोबांना म्हणाली, ‘‘महाराज, माझ्या हाताला कायच लागलं न्हाई. पान्यात सोडू काय?’’

तिला उत्तर म्हणून त्या दिवशी आणि पुढं काय काय सांगितलं गेलं, आणि त्यातलं कुठलं तिच्यापर्यंत पोचण्याच्या लायकीचं होतं, हे मला लिहायचं आहे.

जहाजाचं नाव खुकरी. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं, दुसऱ्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, आणि त्यानंतर दीवच्या दक्षिणेकडच्या समुद्रात फिरणाऱ्या पाकिस्तानी पाणबुडीला शोधून काढायला खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या आधी ‘हंगोर’ या पाणबुडीनं पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. किनारा सुमारे ४० सागरी मैल दूर. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या जहाजावर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे तरुण अधिकारी सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी तयार केलेल्या उपकरणावर काम करत होते आणि त्या कामासाठी जहाजाचा वेग कमी ठेवला होता, अशी नोंद नौदलाच्या इतिहासात आहे. तेही गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसांना पाण्यात उतरवलं, आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते स्वतः जहाजाबरोबर राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष होता, अष्टमीच्या आसपासची रात्र. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता. जे वाचले ते अंधारात पोहत होते.

आजोबांनी आधी पोथी उघडली. धर्मसिंधु हा ग्रंथ सगळ्या देशात चालतो, पण तो लिहिला गेला पंढरपुरात, १७९० च्या सुमाराला. लिहिणारे काशिनाथ उपाध्याय, ज्यांना गाव बाबा पाध्ये म्हणे. मूळ कोकणातल्या गोळवलीचे, विठ्ठलाचे निस्सीम भक्त, मोरोपंतांचे व्याही. आजोबा त्यांचं नाव घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं घ्यावं तसं घेत. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी शास्त्रात पालाशविधी आहे. दर्भाचा पुरुष करायचा आणि त्याच्यावर पळसाची ३६० पानं देठांसकट मांडायची. डोक्याला ४०, गळ्याला १०, दोन्ही हातांना मिळून १००, मांड्यांना १००, पायाच्या बोटांना १०. डोक्याच्या जागी नारळ. लोकरीच्या सुतानं सगळं बांधायचं, जवाच्या पिठानं लिंपायचं आणि मग त्या देहाला अग्नी द्यायचा.

आज मागं वळून वाचते तेव्हा या मोजदादीनं मी थक्क होते. ज्यांनी हे लिहून ठेवलं ते आत्मा अविनाशी मानणारे लोक. शरीर म्हणजे टाकून द्यायचं वस्त्र, हे त्यांना पाठ. तरी माणूस हरवला तेव्हा त्यांनी असं म्हटलं नाही की आत्मा तर गेलाच आहे, देहाचं काय एवढं. त्यांनी बोटं मोजली. पायाच्या बोटांसाठी दहा पानं वेगळी काढून ठेवा म्हणाले. कुठल्या तरी काळात कुठल्या तरी घरात नदीत वाहून गेलेल्या, रानात हरवलेल्या माणसाची बायको किंवा आई अशीच समोर येऊन उभी राहिली असणार, आणि रिकाम्या हातानं शोक करता येत नाही हे पोथी लिहिणाऱ्याला तिच्याकडूनच कळलं असणार.

पण त्या बाईनं पालाशविधी नाकारला. ‘‘म्हंजे मी त्याला पयला करायचा आन् मग जाळायचा?’’ आजोबा पोथी पुटपुटत वाचत होते, त्यात परागंदा माणसासाठी बारा वर्षं वाट पाहण्याचा नियम आला. तिनं तेवढंच उचललं. आजोबांनी समजावून पाहिलं. ज्याचा काही ठावठिकाणा नाही त्याच्यासाठी तो नियम, इथं सरकारचं पत्र आलं आहे. ती म्हणाली, पत्रात सापडला असं लिहिलेलं नाही.

तेव्हा तिचा नवरा बोलला. आयुष्यभर वारी केलेला माणूस. तो म्हणाला, देह नसेना, नाव आहे. विठ्ठलाचं नाव घेऊ, पोराचं नाव घेऊ, नाव पुरं आहे. आणि त्यानं चोखोबांची गोष्ट काढली. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळलं, चोखोबा आणि इतर मजूर ढिगाऱ्याखाली गेले. शके १२६०, म्हणजे १३३८ साल. नामदेव अस्थी शोधायला गेले. सगळ्यांची हाडं एकात एक मिसळलेली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून त्यांनी उचलली, पंढरपुरात आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. बाप म्हणत होता की नाव हाडांतही राहतं, तर पाण्यात का राहणार नाही?

वारकऱ्याचं हे बोलणं खोटं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या दुःखातून आलेलं होतं आणि त्याच नावावर तो पुढं जगला. तरीही हे उत्तर तिच्या प्रश्नाला लागू पडत नाही, असं मला आता ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण चोखोबांच्याच गोष्टीत आहे. नामदेव नुसतं नाव ऐकून परतले नाहीत. ते खाली वाकले, त्यांनी हाडं वेचली, वाहून आणली. नाव कळल्यावरही हाड हवंच होतं. आणि दुसरं: ज्या चोखोबांना नाव पुरेल असं ठरवलं गेलं, त्यांना देवळाच्या आत येऊ दिलं जात नव्हतं. त्यांची समाधी पायरीबाहेर आहे. सहाशे वर्षं त्यांच्या माणसांना सांगितलं गेलं की बाहेरून कळस पाहा, नाव घ्या, तेवढ्यानं पावतं. आत मात्र आमच्यासारखे लोक विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवत होते. नाव जर पुरतंच, तर आम्ही ते पाय का सोडले नाहीत? मे १९४७ मध्ये साने गुरुजी इथं तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले ते कशासाठी? नामस्मरणाला कुणाची बंदी नव्हतीच. बंदी स्पर्शाला होती. त्या उपोषणाला विरोध करणारी घरं आमच्या गल्लीत होती, हे मला मोठेपणी कळलं, आणि तेव्हापासून ‘नाव पुरं आहे’ हे वाक्य ऐकलं की मी आधी पाहते, सांगणाऱ्याच्या हाताला काय लागलेलं आहे आणि ऐकणाऱ्याचे हात कसे आहेत.

आषाढीत लाखो माणसं रात्र-रात्र रांगेत उभी राहतात. मुखदर्शनाची रांग लहान असते, तरी लोक पदस्पर्शाच्या रांगेत जातात. क्षणभर कपाळ टेकायचं, मागचा माणूस ढकलतो, झालं. देव सर्वत्र आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी त्यांना ते पाय हवे असतात. या गावात उभं राहून त्या आईला देहाचा मोह सोड म्हणणं मला शक्य नाही. तिची मागणी श्रद्धेच्या खालच्या पायरीवरची नाही.

आणखी एक उत्तर तिला नंतर मिळालं. ते भाषणांतून मिळालं. वीरगती. रणात समोरासमोर पडलेला आणि योगात देह ठेवणारा, हे दोघंच सूर्यमंडळ भेदून वर जातात, असं जुनं वचन आहे. मला त्यातला ‘समोरासमोर’ छळतो. इंजिनघरात, बॉयलरपाशी, डेकच्या खाली असलेल्या पोरांसमोर कोण होतं? त्यांनी शत्रू पाहिला नाही. पाण्याखालून काहीतरी आलं आणि दिवे गेले. त्यांचा हात शस्त्रावरही नसेल, झडपेवर असेल, ताटावर असेल. त्या वचनाच्या मोजमापात त्यांना बसवायचं तर ओढूनताणून बसवावं लागतं. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जुने वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती तेराव्या शतकातली शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची समुद्रावरची लढाई असावी, असं काही अभ्यासक मानतात. सोमेश्वर तीत बुडाला. खालच्या पट्ट्यांत नावा आणि माणसं, वर स्वर्ग. शिल्पकारानं खालची वल्ही एकेक करून कोरली आहेत. मला वरच्या स्वर्गापेक्षा ती वल्ही खरी वाटतात, कारण वल्हवणाऱ्याचं नाव कुणी लिहिलं नाही, पण त्याचं काम दगडात उरलं.

कप्तान मुल्लांचं वागणंही मी वीरगतीच्या हिशोबात घालत नाही. जे खाली अडकले आहेत त्यांना वर येता येणार नाही, मग मी वर का राहू, एवढाच त्यातला अर्थ मला दिसतो. त्यांच्या थांबण्यामुळं कुणी वाचलं नसेल तरीही कुणी एकटं मेलं नाही. कुठल्याही स्वर्गापेक्षा हे मोठं आहे असं मी मानते, आणि हे मत माझ्या आजोबांना पटलं नसतं.

आता त्या दिवशी खरोखर काय घडलं ते सांगते. आजोबांनी पोथी मिटली आणि मला वही आणायला घरी पिटाळलं. क्षेत्रोपाध्यांच्या घरी यजमानांच्या वह्या असतात: गाव, आडनाव, कुळ, कोण कधी आलं, कुणाचं काय केलं. आलेला माणूस स्वतः खाली सही करतो किंवा अंगठा उठवतो, म्हणजे पुढच्या पिढीला ओळख पटते. मी वही आणली. आजोबांनी ते गाव काढलं, ते आडनाव काढलं. नौदलात जाण्याआधी तो मुलगा बापाबरोबर एकदा आषाढीला आला होता. शाळेत शिकलेला, म्हणून बापाऐवजी त्यानंच ओळ लिहिली होती आणि खाली सही केली होती. शाई फिकी झालेली, अक्षर उजवीकडं कललेलं, सहीखाली एक लांब रेघ. आजोबांनी वही तिच्या मांडीवर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. ‘‘ह्ये त्येनं लिवलंय?’’ तिनं विचारलं. ‘‘सवताच्या हातानं?’’ आजोबा हो म्हणाले. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

पुढं कितीदा तरी मी विठ्ठलाच्या देवळातल्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखाचा विचार केला आहे. शके ११९५ ते ११९९, यादवांचा काळ. तो लेख म्हणजे देवळाला दान देणाऱ्यांची यादी, बाकी काही नाही. त्यात राजा रामदेवराय आहे, हेमाद्री पंडित आहे आणि साधी माणसंही आहेत. लोक त्या दगडाला पाठ घासत आले, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे चुकावेत म्हणून. पुराणवस्तू जपणाऱ्यांना यानं त्रास होतो आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे, अक्षरं झिजतात. पण सातशे वर्षं माणसांची पाठ माणसांच्या नावांना लागत राहिली, ही गोष्ट मला त्या लेखातल्या मजकुराइतकीच मोलाची वाटते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ग्रॅनाइटवर नावं कोरली आहेत. तिथं मी पाहिलेली एक म्हातारी नाव वाचत नव्हती, हातानं चाचपत होती.

जहाज बुडाल्याला बारा वर्षं झाली तेव्हा ती बाई पुन्हा आली. १९८३ चा मार्गशीर्ष. नवरा बरोबर होता, धाकटा मुलगा होता, सूनही होती. आजोबा तोपर्यंत गेले होते, विधी काकांनी केला. उजनी भरली होती, नदीला पाणी होतं. तिनं पळसाची पानं गावाकडून पोत्यातून आणली होती. बायकांनी या कामात हात घालायचा नसतो. काका काही बोलणार तेवढ्यात तिनं बांधायला सुरुवात केली होती. जन्मभर पत्रावळी लावलेले हात. देठ मोडू न देता पान कसं वळवायचं हे काकांना येत नव्हतं, तिला येत होतं. काका मोजत होते आणि ती बांधत होती. हातांची शंभर, छातीची वीस. पायाच्या बोटांपाशी ती थांबली आणि म्हणाली, डाव्या पायाचं करंगळीचं बोट त्याचं लहानपणी चेंगरलं होतं. मग त्या जागचं पान तिनं जरा दुमडून लावलं. शास्त्रात याला आधार नाही. काकांनी ते तसंच राहू दिलं, आणि माझ्या मते आमच्या घराण्यानं केलेल्या विधींत तो सगळ्यात शुद्ध होता.

मार्गशीर्षात देव देवळात नसतो अशी आमच्याकडं समजूत आहे. तो महिनाभर गोपाळपूरजवळ नदीच्या पात्रात विष्णुपदावर असतो. म्हणजे खुकरी बुडाली त्या रात्रीही तो पाण्यातच होता. सून हे म्हणाली, सासूला बरं वाटावं म्हणून. मी त्यातून काही सांत्वन काढू शकत नाही. देव पाण्यात होता तर त्याला हे दिसलं असणार, आणि मग प्रश्न आणखी अवघड होतो.

दुसरी एक गोष्ट मात्र मला सोडत नाही, ती भूगोलाची आहे. चंद्रभागा म्हणजे भीमा. ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. आम्ही घाटावर दिलेलं पाणी अरबी समुद्रात कधीच पोचत नाही. खुकरीच्या पोरांसाठी सोडलेला प्रत्येक थेंब उलट्या दिशेला जातो, पूर्वेला. आणि त्या पूर्वेच्या समुद्रात, विशाखापट्टणमच्या बाहेर, पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तळाशी पडली आहे. ती ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री बुडाली, आत नव्वदच्या वर माणसं. त्यांच्यातलं कुणी वाचलं नाही. त्यांच्याही आयांच्या हाताला काही लागलं नाही.

तर्पणाच्या शेवटी एक पाणी असं असतं की जे आपले नव्हते, जे दुसऱ्या कुठल्या जन्मी आपले असतील, ज्यांना पाणी द्यायला मागं कुणीच नाही, त्या सगळ्यांना ते दिलं जातं. लहानपणी मला ते उरलेलं पाणी टाकून देण्यासारखं वाटे. आता वाटतं की हे पाणी नेमकं कुठं जातं हे न कळताच देणाऱ्यांनी बरोबर ठिकाणी पाठवलं. त्या आईला हे मी कधी सांगितलं नाही. सांगायचा मला हक्क नव्हता. शत्रूच्या आईशी तिचं नातं जोडायचं की नाही हे तिनं ठरवायचं, मी नाही. स्वतःपुरतं मी ते मानते आणि दर चतुर्दशीला शेवटची ओंजळ गाझीच्या माणसांना धरून सोडते. भावाला हे आवडत नाही. त्याचा राग मला समजतो.

दीवला चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या आत जहाजाची लहान प्रतिकृती, समोर समुद्र. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर भारतीय खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. त्यांतली पुष्कळ मुलं आपल्या कोकणातली असणार. आणि मला वाटतं, महाद्वाराच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत, आमच्यासारख्या घरांच्या फडताळांत, त्या पिढ्यांच्या माणसांच्याही सह्या पडून आहेत. बसऱ्याला निघालेला कुणी सातारकडचा शिपाई मुंबईला बोटीत चढण्याआधी इथं येऊन अंगठा उठवून गेला असेल. त्याच्या देहाचं जगात तेवढंच उरलेलं असेल.

या वह्यांना कसर लागते आहे. काही घरांनी त्या विकल्या, काहींनी नदीत सोडल्या. मी आमच्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून घेतले आहेत आणि ज्यांच्याकडं त्या आहेत त्यांनाही तेच करायला सांगत असते. पॉलिथिनमध्ये बांधू नका, आत ओल धरते. सुती कापडात ठेवा. आणि कुणी पान पाहायला आलं, आपल्या माणसाचं अक्षर शोधत आलं, तर काचेआडून दाखवू नका, फोटोवर भागवू नका. शाई थोडी झिजली तरी चालेल. वही त्यांच्या मांडीवर ठेवा.